एक जून, सातबारा आणि शेंगेन व्हिसा

शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, अर्जात पहिला रकाना आडनावाचा असतो आणि दुसरा जन्मावेळच्या आडनावाचा. मार्च २०२५ मध्ये मी आईचा अर्ज भरत बसलो होतो आणि ती सोप्यात बेदाण्यातल्या काड्या निवडत होती. मान वर न करताच मी तिला तिचे माहेरचे आडनाव विचारले. मला ते माहीत होते. विचारले ते केवळ स्पेलिंगसाठी. तिने हातातले सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "त्यास्नी कशाला पायजे ते? हितं तर कुणी इचारत न्हाई." तिचे म्हणणे खरे होते. लग्नात तांदळाच्या ताटात आप्पांनी अंगठीने तिचे नवे नाव लिहिले, त्या दिवसापासून तिचे पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव अशी तिन्ही नावे बदलली. शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि पासपोर्टवरची बाई यांना कागदोपत्री जोडणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे जन्मतारीख. आणि तीही खरी नव्हती.

तिची जन्मतारीख १ जून आहे. आप्पांचीही १ जूनच आहे. आमच्या भागात त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत, जन्माची नोंद घरी कुणाकडे नसे आणि गुरुजी पोराच्या उंचीवरून वर्षाचा अंदाज बांधून तारीख १ जून टाकून मोकळे होत. सरकारी कचेऱ्यांत दरवर्षी ३१ मे रोजी निवृत्तीच्या हारांची जी गर्दी उडते, तिचे कारणही हेच आहे. आपल्याला यात नवल वाटत नाही. परंतु फाइल वाचणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याला नवराबायको एकाच तारखेला जन्मल्याचे दिसते, तेव्हा त्याने काय समजावे? मी सोबतच्या पत्रात त्याविषयी दोन वाक्ये लिहिली. ती लिहायला हवीत हे मला पहिल्या खेपेस सुचले नव्हते, आणि पहिली खेप वाया गेली होती.

मी सांगलीत हिशेबनीसाचे काम करतो. आईआप्पा तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी असतात. द्राक्षबाग आहे, थोडा ऊस आहे. धाकटी बहीण नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला नोकरीनिमित्त स्थायिक झाली आहे. तिच्याकडे जाण्यासाठी आईआप्पांनी केलेल्या दोन अर्जांची ही हकिकत आहे. आमच्याकडे मुले परदेशी आणि आईवडील रानात अशी घरे आता पुष्कळ झाली आहेत, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

त्याआधी उलट्या दिशेचा एक अनुभव सांगतो, कारण व्हिसा म्हणजे काय हे आमच्या घरात पहिल्यांदा कळले ते एका पाहुण्यामुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये बहिणीच्या कार्यालयातला एक डच सहकारी तासगावचा रथोत्सव पाहायला आला. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दोरखंडाने रथ ओढला जातो आणि दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन होते, हे बहिणीने त्याला वर्षभर ऐकवले होते. त्याने घरबसल्या भारताचा ई-व्हिसा काढला. ही सोय आपल्या सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू केली, आणि आता पर्यटकाला ३० दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा ई-व्हिसा मागता येतो. अर्ज प्रवासाच्या किमान चार दिवस आधी करावा लागतो, पासपोर्टची मुदत भारतात उतरल्यापासून किमान सहा महिने शिल्लक असावी लागते आणि शिक्क्यांसाठी दोन पाने कोरी लागतात. मंजुरीचा कागद ईमेलने येतो, तो छापून जवळ ठेवायचा. बोटांचे ठसे विमानतळावर घेतात. या व्हिसावर तेव्हा रस्त्याने सीमा ओलांडून आत येता येत नसे, ठरावीक विमानतळांवर आणि बंदरांवरच उतरावे लागे. मुंबई आणि पुणे ही दोन्ही विमानतळे त्या यादीत आहेत.

हे ऐकायला सोपे वाटते, पण त्या पाहुण्याने अर्ज भरताना बहिणीला चार वेळा फोन केला. आपला अर्ज धर्म विचारतो, शिक्षण विचारतो, आईवडिलांची जन्मठिकाणे विचारतो, मागच्या दहा वर्षांत कोणकोणत्या देशांना गेलात ते विचारतो, आणि अंगावरची ओळखखूणही विचारतो. शाळेच्या दाखल्यावर "उजव्या गालावर तीळ" वाचत वाढलेल्या आपल्याला त्यात काही वाटत नाही. त्याला मात्र ते विलक्षण वाटले. आईवडील किंवा आजीआजोबा कधी पाकिस्तानचे नागरिक होते का, या प्रश्नावर तर त्याने आधी आपल्या आईला विचारून घेतले. त्याची खरी फसगत टळली ती वेगळ्याच ठिकाणी. शोधताना सर्वांत वर आलेले संकेतस्थळ सरकारी नसून मध्यस्थाचे होते आणि तिथे शुल्क कितीतरी अधिक होते. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे की नाही एवढे पाहा, असे बहिणीने वेळेवर सांगितले म्हणून पैसे वाचले.

तो आला त्या संध्याकाळी आम्हाला आमच्यावरची जबाबदारी कळली. परदेशी नागरिक आपल्या घरी मुक्कामाला असेल, तर यजमानाने चोवीस तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवावी लागते. ही अट हॉटेलांपुरतीच आहे, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात ती खासगी घरालाही लागू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षक पाहतात, आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. त्याला तेव्हा "फॉर्म सी" म्हणत. आप्पांच्या आधार कार्डावर मी रात्री अकराला घर "निवासस्थान" म्हणून नोंदवले आणि पाहुण्याच्या पासपोर्टचा व व्हिसाचा फोटो चढवला. १९४६ चा परकीय नागरिक कायदा आता राहिलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे आणि त्याने जुने चार कायदे एकत्र केले आहेत. मात्र मुक्कामाची खबर देण्याचे बंधन नव्या कायद्यातही आहे, तेव्हा परदेशी जावई किंवा नातवाचा मित्र घरी उतरणार असेल तर हे आधीच पाहून ठेवावे. आप्पांना ही अट पटली. ते म्हणाले, "पाव्हणा कुणाचा, कुठं उतरलाय, हे पूर्वी पाटलाला सांगावंच लागायचं की."

आता आमची बाजू. एप्रिल २०२४ मध्ये, द्राक्षाचा हंगाम सरल्यावर, आईआप्पांनी बहिणीकडे जाण्याचे ठरवले, आणि मी आळस केला. शहरातल्या एका एजंटाकडे फाइल दिली. त्याने सल्ला दिला की मुलगी तिकडे राहते हे कळवूच नका, कळले की परत येणार नाहीत असा संशय घेतात; बारा दिवसांची सहल दाखवू, हॉटेलांची आरक्षणे मी करतो. शिवाय बँकेत रक्कम कमी दिसते, म्हणून आठवडाभर आधी पाच लाख रुपये खात्यात फिरवून ठेवा असेही त्याने सांगितले. मी हिशेबनीस असून हे ऐकले, याची लाज मला आजही वाटते. आठवड्यापूर्वी अचानक आलेली रक्कम खातेउताऱ्यावर किती उठून दिसते, हे दुसऱ्यांचे उतारे पाहताना मला एका नजरेत कळते.

अर्ज द्यायला पुण्याच्या केंद्रात स्वतः जावे लागले, कारण दहाही बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात. बारा वर्षांखालील मुलांना ठशांची माफी आहे, म्हाताऱ्यांना नाही. पहाटे तीनला निघालो. आईचे ठसे दुसऱ्या प्रयत्नात आले. आप्पांचे येईनात. चाळीस वर्षे काडी बांधून, कात्री चालवून आणि मोरचूद-चुना कालवून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की रेशनच्या दुकानातले यंत्रही त्यांना ओळखत नाही. काचेवर चार बोटे ठेवली की पडद्यावर पांढरट डाग उमटत आणि यंत्र लाल होई. तिथल्या मुलीने त्यांना कोमट पाण्याने हात धुवायला पाठवले, मग ओलसर कापडाने एकेक बोट पुसले, त्यावर थोडे क्रीम चोळले, आणि आपल्या हाताने त्यांचा अंगठा काचेवर दाबून धरला. सातव्या खेपेस हिरवा दिवा लागला. आप्पा तिला म्हणाले, "तुझ्या हाताला यश हाय बाई." ज्यांचे आईवडील रानात काम करतात त्यांनी आदल्या आठवड्यात चुना, सिमेंट आणि औषध यांपासून त्यांचे हात लांब ठेवावेत आणि रात्री तेल लावावे, हे कुठल्याच सूचनापत्रात लिहिलेले नसते.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आले आणि सोबत नकाराचा छापील कागद आला. शेंगेन देशांचा हा कागद एकाच नमुन्याचा असतो. कारणे आधीच छापलेली असतात आणि लागू असेल तिथे खूण केलेली असते. आमच्या कागदावर दोन खुणा होत्या. प्रवासाचा हेतू आणि स्वरूप समाधानकारकपणे दाखवलेले नाही, ही पहिली. आणि मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याविषयी रास्त शंका आहे, ही दुसरी. तेव्हा प्रौढ माणसाचे शुल्क ८० युरो होते, ११ जून २०२४ पासून ते ९० झाले आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे पडते आणि सहा वर्षांखालील मुलांना ते नाही. नकार आला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. नकाराविरुद्ध दाद मागण्याची सोय असते, पण आमची फाइलच खोटी होती. दाद कशाची मागणार? नकार लपवण्यातही अर्थ नसतो, कारण अर्ज, निर्णय आणि ठसे हे सारे शेंगेन देशांच्या सामाईक माहितीकोशात पाच वर्षे राहते. व्हिसा मिळाला नाही, ठसे मात्र तिकडे जाऊन बसले. त्यातल्या त्यात बरे एवढेच की एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे पुढच्या अर्जाला आप्पांचा अंगठा पुन्हा चोळावा लागला नाही.

नकाराचे मराठी मी आप्पांना वाचून दाखवले. "परत जाल याविषयी रास्त शंका आहे" यावर ते रागावतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, "बरोबर हाय. रिपोर्ट दिला न्हाई आपण." मला कळेना. मग त्यांनी द्राक्षाचा दाखला दिला. युरोपला माल पाठवायचा तर आधी बागेची नोंदणी करावी लागते, कोणते औषध कोणत्या तारखेला मारले ते वहीत लिहावे लागते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना काढतो, औषधाचा अंश मर्यादेत असल्याचा रेसिड्यू रिपोर्ट येतो, आणि मग कीडमुक्तीचा दाखला लागून कंटेनर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात जातो. २०१० साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपले कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा बागायतदारांनी किती हाय खाल्ली ते मी लहानपणापासून नव्हे तरी तरुणपणी पाहिले आहे. आप्पांचे म्हणणे असे, की रॉटरडॅमचा माणूस आपल्या बागेत कधी येणार नाही. त्याला घड गोड आहे हे तोंडी सांगून उपयोग नाही. त्याला कागदावरून बाग दिसली पाहिजे. माणसाचेही तसेच आहे. हे त्यांना एका वाक्यात उमगले होते आणि मी एजंटाच्या खुर्चीसमोर बसून विसरलो होतो.

२०२५ च्या अर्जाला कारणही खरे आणि मोठे होते. बहिणीला जुलैमध्ये दिवस भरत होते. आपल्याकडे पहिलटकरणीला माहेरी आणतात. इथे माहेरालाच तिकडे जायचे होते. मी हेतूच्या रकान्यात पर्यटन न लिहिता कुटुंबाची भेट लिहिले आणि पत्रात बाळंतपणाचा स्पष्ट उल्लेख केला. बहिणीने तिकडून यजमानपदाचा आणि आर्थिक हमीचा डच नमुन्यातला अर्ज भरला. त्यावरची सही तिथल्या नगरपालिकेत जाऊन अधिकाऱ्यासमोर प्रमाणित करून घ्यावी लागते, आणि हमी देणाऱ्याचे उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतके तरी असावे लागते. तिची नोकरीची चिठ्ठी, पगारपत्रके, राहण्याचा परवाना आणि आमचे नाते दाखवणारा तिचा जन्मदाखला हे सगळे सोबत लागले. जन्मदाखल्यावर आईचे नाव सासरचे आहे, ते पासपोर्टशी जुळले, हे नशीब.

परत येण्याचा पुरावा हा या फाइलचा गाभा असतो, आणि शेतकऱ्याच्या बाबतीत तो जुळवणे फार अवघड जाते. नोकरदार माणूस कार्यालयाचे रजापत्र जोडतो, आयकर विवरणपत्रे जोडतो, दर महिन्याला पगार जमा होणारा खातेउतारा जोडतो. आप्पांना रजा देणारे कोणी नाही. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे त्यांनी विवरणपत्र कधी भरलेले नाही. खातेउतारा पाहावा तर नऊ महिने त्यातून औषधे, खते, मजुरी आणि सोसायटीचे हप्ते जात राहतात, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात एकदम मोठ्या रकमा येतात. अनोळखी डोळ्याला हा उतारा नेमका त्या पाच लाखांच्या फिरवाफिरवीसारखा दिसतो. म्हणून मी मागच्या तीन हंगामांच्या द्राक्षविक्रीच्या पावत्या आणि बेदाणा सौद्यातल्या अडत्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, जोडल्या, आणि उताऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या जमेसमोर पेन्सिलीने पट्टीचा क्रमांक घातला. आयकराच्या रकान्यात काहीच नाही, याचे कारणही एका ओळीत लिहिले.

त्यानंतर सातबारा आणि आठ-अ. डिजिटल सहीचा सातबारा आता १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, पण तो मराठीत असतो आणि भाषांतर लागते. भाषांतरकाराच्या टेबलावर मी दीड तास बसलो. भोगवटादार वर्ग १ म्हणजे काय, पोटखराब क्षेत्र म्हणजे काय, इतर अधिकारांतला सोसायटीचा बोजा कसा सांगायचा, यावर आम्ही दोघांनी बराच खल केला. बोजा लपवू नये असे माझे मत पडले. ज्याच्या जमिनीवर चालू पीककर्ज आहे तो परत येण्याची शक्यता वाढतेच, कमी होत नाही. आप्पांच्या नावात एका कागदावर "राव" आहे आणि दुसऱ्यावर नाही, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून घेतले. आईच्या जुन्या आणि नव्या नावासाठीही तेच केले.

तारखांचा प्रश्न बागेने सोडवला. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, मग फुटव्यांची विरळणी आणि सबकेन करण्याची, म्हणजे शेंडा खुडून उपकाड्या काढण्याची, घाई असते. जून मध्यापासून काडी तयार होण्याचा काळ लागतो; फवारण्या चालू असतात, पण त्या चुलतभाऊ सांभाळू शकतो. सप्टेंबर लागला की फळछाटणीची तयारी. म्हणजे १५ जून ते २५ ऑगस्ट, दोन्ही दिवस धरून ७२ दिवस. शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही, आणि उतरण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजणीत धरतात. हे छाटणीचे वेळापत्रक मी पत्रात जसेच्या तसे लिहिले. त्याहून चांगले रजापत्र कुठल्या कार्यालयाने दिले असते असे मला वाटत नाही.

बाकीच्या गोष्टी सरळ आहेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत आणि किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि शंका आल्यास ४५ पर्यंत जातात. पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू असावा. एकाहून अधिक देश फिरणार असाल तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि दिवस सारखे असतील तर जिथे प्रथम उतरणार त्याच्याकडे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि पूर्ण मुक्कामाचा हवा. विमानाचे आरक्षण दाखवायचे असते, तिकिटाचे पैसे मात्र व्हिसा हाती येईपर्यंत भरू नयेत. आईचे शिक्षण सातवीपर्यंत झाले असल्याने, पासपोर्टवर परदेशगमन तपासणीचा शेरा असेल तर अडचण येते अशी भीती गावात एकाने घातली होती. तो शेरा ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरता असतो, लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या बाईचा त्याच्याशी संबंध नाही.

या वेळी व्हिसा मिळाला. पासपोर्टमधला स्टिकर नीट वाचावा, कारण तिथे पुष्कळांची चूक होते. "पासून" आणि "पर्यंत" या तारखांमधले अंतर म्हणजे मुक्कामाची परवानगी नव्हे. मुक्कामाचे दिवस वेगळ्या रकान्यात छापलेले असतात. प्रवास पुढेमागे झाला तर अडचण नको म्हणून तारखांची मुदत साधारण १५ दिवस जास्त देतात, दिवस मात्र मोजूनच देतात. आमच्या शेजारच्या गावातल्या एका जोडप्याने "पर्यंत"च्या तारखेचे तिकीट काढले होते, ते सुदैवाने निघण्याआधीच लक्षात आले.

सामानाचा वाद तीन दिवस चालला. युरोपात बाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे सातारचे कंदी पेढे आणि घरचे तूप दोन्ही बाद झाले. ताजी फळे, भाज्या आणि पाने यांना कीडमुक्तीचा दाखला लागतो, म्हणून परसातला कढीपत्ताही गेला. "द्राक्षाला लागतो त्योच का?" असे आप्पांनी विचारले, तोच. आईने डिंक, खारीक, खोबरे, हळदपूड, भडंग आणि पाच किलो बेदाणे भरले, आणि डिंकाचे लाडू तिकडच्या दुकानातल्या तुपात वळायचे असे ठरले.

व्हिसा असला तरी प्रवेशाचा हक्क मिळत नाही; दारावरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो. म्हणून परतीचे तिकीट, विमा आणि बहिणीच्या हमीपत्राची प्रत मी सामानात न टाकता आप्पांच्या हातातल्या पिशवीत वर ठेवली. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर त्यांना दोनच प्रश्न झाले, असे त्यांनी फोनवर सांगितले. कोणाकडे आलात, आणि काम काय करता. दुसऱ्याला त्यांनी "ग्रेप्स" असे उत्तर दिले आणि पिशवीतून बेदाण्याची पुडी काढू लागले, तेव्हा आईने त्यांचा हात धरला.

२५ ऑगस्टला ते निघाले. पासपोर्टवर आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा असे दोन शिक्के बसले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे शिक्क्यांऐवजी चेहरा आणि ठसे यांची संगणकी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, आणि पुढच्या वेळी आप्पांच्या अंगठ्याचा प्रश्न दारावरच उभा राहणार हे उघड आहे. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून अशी सवलत आहे, की मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नियमाने वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेक वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. आमचा एक झाला आहे. नातू उभा राहायला शिकण्याच्या सुमारास दुसरा मागायचा आहे, अर्थात खरड छाटणीनंतर.

परवा मी त्यासाठी कोरा अर्ज काढला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दुसऱ्या रकान्यात लिव्ह. त्यात ओ दोनदा येतो, मागल्या बारीला तू एकदाच घातला हुतास."